गर्भाशयमुखाचा कर्करोग : उपाय हाती आहे, तो घरापर्यंत न्यायचा आहे

शाळेच्या स्मरणिकेत कर्करोगावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. या रोगावरील लस ज्या वयात द्यावयाची, ते नऊ ते चौदा वर्षांचे वय आपल्या वसतिगृहातील मुलींचे आहे. आणि ज्या वयापासून तपासणी करावयाची, ते तिशीपुढचे वय त्यांच्या मातांचे व आपल्या अनेक माजी विद्यार्थिनींचे आहे. म्हणून हा विषय आम्हांला शाळेच्या परिघातलाच वाटतो.

गावाकडे ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, तोच हा गर्भाशयमुखाचा कर्करोग. २०२२ साली जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना तो झाला आणि सुमारे साडेतीन लाख स्त्रिया त्याने दगावल्या. या मृत्यूंपैकी शेकडा नव्वदांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील आहेत. एकट्या भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. श्रीमंत देशांत नियमित तपासणीमुळे हा रोग विरळ होत गेला. रोग तोच, शरीर तेच. फरक आहे तो उपाय वेळेवर पोहोचण्याचा.

या रोगाचे कारण आता निश्चित ठाऊक आहे. ‘ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस’ अर्थात एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या काही जातींमुळे तो होतो. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची लागण होतेच. बहुतेकांचे शरीर तो आपोआप घालवून टाकते. थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो, गर्भाशयमुखाच्या पेशी बदलू लागतात आणि त्यांतून पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग उभा राहतो. म्हणून हा रोग स्त्रीच्या चारित्र्यावरील डाग नव्हे, कोणाची करणी नव्हे आणि पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ तर नव्हेच. तो कार्यकारणाने घडतो, आणि कारण कळल्यावर ते दूर करता येते.

मधली ही पंधरा-वीस वर्षेच आपली संधी होत. या काळात काहीही दुखत नाही. लक्षणे दिसतात ती पुष्कळदा रोग वाढल्यावर : शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यानंतर रक्तस्राव होणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ओटीपोट व कंबर सतत दुखणे. आपल्या आया-बहिणी असे दुखणे ‘अंगावर काढतात’. मजुरी बुडेल, घरचे काय म्हणतील, पुरुष डॉक्टरला कसे दाखवायचे, या विचारांत महिने जातात.

वेळेवर तपासणी झाली तर काय साधते, याचा जगभर मान्य झालेला पुरावा आपल्या महाराष्ट्राच्या मातीतला आहे. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. कर्मचारी गावोगाव फिरले, बैठका घेतल्या, लक्षणे समजावून सांगितली. काही वर्षांतच रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावांचे ५२ समूह निवडून तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांचे चार गट होते. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

ते आकडे नीट वाचण्याजोगे आहेत. ज्या गटात एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, तेथे १२७ स्त्रियांना कर्करोग आढळला. तपासणी नसलेल्या गटात ११८ जणींना. म्हणजे संख्या जवळजवळ सारखीच. परंतु पहिल्या गटात वाढलेल्या अवस्थेतील रुग्ण ३९ होत्या, तर दुसऱ्यात ८२. आठ वर्षांत पहिल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, दुसऱ्यात ६४. आयुष्यात एकदा झालेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दुसऱ्या अभ्यासात टाटा स्मारक रुग्णालयाने याहून साधी पद्धत वापरली. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावले की बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. ही तपासणी डॉक्टरांनी नव्हे, तर निदान दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी केली. दर दोन वर्षांनी झालेल्या या तपासणीमुळे बारा वर्षांत मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. मुलगी दहावीपर्यंत शिकण्याचे मोल येथे मोजता येते.

या ज्ञानाची किंमतही सांगितली पाहिजे. तुलनेसाठी ज्या गटांना तपासणी दिली गेली नाही, त्यांतील स्त्रियांच्या मृत्यूंवरून पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले. गरीब स्त्रियांनी हे ज्ञान जगाला दिले. त्याचा लाभ मात्र गरीब स्त्रियांपर्यंत अजून पुरता पोहोचलेला नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती.

तपासणी नसते तेथे भीतीचा व्यापार चालतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्यावरून ‘कॅन्सर होईल’ असे भय घालून शस्त्रक्रिया झाल्याचे अनेकींनी सांगितले. म्हणून पालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे : तपासणीचा अहवाल हाती आल्याशिवाय आणि सरकारी रुग्णालयातील दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय कर्करोगाच्या भीतीने गर्भपिशवी काढू देऊ नये. पेशींतील बदल लवकर सापडला, तर बहुधा तेवढाच भाग थंड वा उष्ण उपकरणाने नष्ट करता येतो. स्त्री त्याच दिवशी घरी जाते.

कर्करोग झालाच, तरी तो मृत्युलेख नव्हे. पहिल्या टप्प्यात योग्य उपचार मिळालेल्या दहापैकी आठ-नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. वाढलेल्या रोगात बाहेरून किरणोपचार, सोबत औषधोपचार आणि आतून दिला जाणारा किरणोपचार असा क्रम असतो, आणि तो सुमारे आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. गरीब देशांत नेमके येथेच अडते. युगांडात असलेले एकमेव किरणोपचार यंत्र २०१६ साली निकामी झाले आणि नवे सुरू होईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ गेला. आपल्याकडे यंत्रे आहेत, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कर्करोगावरील उपचारही मिळतात. परंतु शहरात दोन महिने राहणे, सोबतच्या माणसाची मजुरी बुडणे आणि घरातील मुलांकडे पाहणे, या ओझ्यामुळे उपचार अर्धवट सुटतात. अर्धा उपचार हा जवळजवळ न केलेलाच उपचार होय.

आता लसीविषयी. शरीरसंबंधांना प्रारंभ होण्यापूर्वी दिलेली लस सर्वांत परिणामकारक ठरते, म्हणून नऊ ते चौदा हे वय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली या वयासाठी एक मात्राही पुरेशी मानली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या भारतीय लशीला त्याच वर्षी मान्यता मिळाली. बौद्धधर्मीय भूतानने २०१० साली आणि रवांडाने २०११ साली ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली; दोन्ही देश श्रीमंत नव्हेत. लस घेतलेल्या मुलीने पुढे तिशीनंतर तपासणीही करावयाचीच आहे.

मात्र निवासी शाळांनी एक इतिहास विसरता कामा नये. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना ही लस देताना अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. तेथील मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण संमतीतील या त्रुटींवर संसदीय समितीने कठोर ताशेरे ओढले. लस चांगली असणे पुरेसे नाही. आई-वडिलांना समजेल अशा भाषेत सांगून, त्यांना प्रश्न विचारू देऊन, त्यांची स्वतःची संमती घेतली गेली पाहिजे.

तथागतांनी आजारी भिक्खूला आनंदासह स्वतः धुऊन स्वच्छ केले आणि जो रुग्णाची सेवा करतो तो माझीच सेवा करतो, असे संघाला समजावले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी स्त्रीच्या आरोग्याचा भार तिच्या एकटीवर टाकता येणार नाही, हे मांडले. हा वारसा सांगणाऱ्या समाजाने पुढील कामे हाती घ्यावीत. माजी विद्यार्थिनींनी तिशी ओलांडली असल्यास स्वतःची तपासणी करून घ्यावी व आईला, सासूला, वहिनीला सोबत न्यावे. पालक मेळाव्यात आरोग्यसेविकेला बोलवावे आणि पुरुषांनीही तेथे बसून ऐकावे. शहरांत राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी उपचारासाठी येणाऱ्या गावाकडच्या रुग्णांच्या मुक्कामाची व सोबतीची जबाबदारी आळीपाळीने उचलावी. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. नावांची यादी आणि शब्द पाळणारी माणसे लागतात. तशी माणसे या शाळेने घडविली आहेत, असा आमचा विश्वास आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.