पोरकं मूल चिडतं तेव्हा



या मालिकेत आतापर्यंत आपण मोठ्यांच्या रागाबद्दल बोललो. आज लहानांच्या रागाबद्दल बोलायचं आहे. त्यातही ज्यांचे आईवडील गेले, ज्यांना कुणी टाकून दिलं किंवा जी दत्तक म्हणून दुसऱ्या घरात आली, अशा मुलांच्या. बेळगाव असो, इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद, तुमच्या नात्यात, शेजारात किंवा शाळेत असं एखादं मूल असणारच. लोक म्हणतात, "एवढं करतो आम्ही त्याच्यासाठी, तरी आमच्याच अंगावर येतो." या 'तरी'चं उत्तर आज शोधू.

मी बोलतोय एन्नोरहून. चेन्नईचं हे उत्तर टोक. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला कोसस्थलैयार नदीची खाडी, मध्ये कारखाने आणि धुराडी, आणि किनाऱ्याला लागून कोळ्यांच्या वस्त्या. त्यांना इथे 'कुप्पम' म्हणतात. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि दोन-अडीच तासांत सुनामीच्या लाटा या किनाऱ्यावर आल्या. तमिळनाडूत सुमारे ८,००० माणसं गेली. त्यातली ६,००० हून अधिक एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यातली. एन्नोरला लागून असलेल्या एर्णावूरमध्ये घरं गेलेल्यांची वसाहत उभी राहिली. लोक आजही तिला सुनामी क्वार्टर्स म्हणतात.

त्या वेळची मुलं आता बाप्ये झाली आहेत. त्यातला एक माझ्या ओळखीचा आहे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याची आई लाटेत गेली तेव्हा तो ७ वर्षांचा होता. माझं तमिळ मोडकं, त्यामुळे तो सावकाश बोलतो. एकदा म्हणाला, "सर, वर्षभर मी समुद्राला दगड मारत होतो. मग कंटाळा आला, म्हणून पाट्टीला मारायला लागलो." पाट्टी म्हणजे आजी. त्याला सांभाळणारी ती एकटीच होती.

आजचा सगळा विषय या दोन वाक्यांत आहे. ज्याने आई नेली त्याच्यावर राग. तो काही उत्तर देत नाही, म्हणून मग जी जवळ आहे तिच्यावर राग.

राग येतो कुठून?

तान्हं मूल आई दिसेनाशी झाली की रडतं. रडतं म्हणून ती परत येते. म्हणजे रडणं, ओरडणं, हातपाय झाडणं ही निसर्गाने दिलेली हाक आहे. आई परत यावी आणि तिने पुन्हा जाऊ नये, यासाठी. ज्या मुलाची आई परत येणारच नाही त्याच्या आतली हाक मात्र बंद होत नाही. तोच राग आपल्याला दिसतो.

जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये १९५० च्या आसपास रुग्णालयात एकट्या राहिलेल्या लहान मुलांचा अभ्यास केला. त्या काळी आईवडिलांना भेटायला फारच थोडा वेळ मिळे. मुलं आधी आक्रोश करत, मग खचून जात, आणि शेवटी अलिप्त होत. शांत झालेलं मूल पाहून कर्मचाऱ्यांना वाटे, रुळलं. रॉबर्टसन यांचं म्हणणं होतं की ते रुळलेलं नाही, त्याने आशा सोडली आहे. घरी परतल्यावर हीच मुलं आईकडे पाठ फिरवत किंवा तिच्यावर चिडत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चिडणाऱ्या मुलाची आशा अजून जिवंत आहे. घरात एक मूल आदळआपट करतंय आणि दुसरं गप्प आहे, तर गप्प असणाऱ्याकडेही तेवढंच लक्ष द्या.

जवळच्या माणसावरच का?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं, राग काढायला सुरक्षित माणूस लागतो. शाळेत शहाणं वागणारं मूल घरी मावशीवर ताट भिरकावतं, कारण मावशी आपल्याला हाकलणार नाही, असं त्याला थोडं थोडं वाटू लागलेलं असतं.

दुसरं, ते परीक्षा घेत असतं. ज्याला एकदा सोडून गेले त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, 'हेही जाणार का?' तो प्रश्न शब्दांत विचारता येत नाही, म्हणून वागण्यातून विचारला जातो. मी इतका वाईट वागलो तरी तू राहशील का? आपण चिडून "थांब, तुला होस्टेलातच टाकतो" म्हटलं, की आपणच त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ते वाक्य रागाच्या भरातही तोंडातून निघता कामा नये.

तिसरं कारण सगळ्यात लपलेलं असतं. लहान मुलाला वाटतं, जे घडलं ते आपल्यामुळेच घडलं. 'मी हट्ट केला म्हणून बाबा बाजारात गेले.' 'मी वाईट होतो म्हणून आईने मला टाकलं.' हा अपराधीपणा सोसवत नाही, मग तो दुसऱ्यावर फेकला जातो. म्हणून मुलाने विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, "तुझ्यामुळे काही झालेलं नाही." एकदा सांगून भागत नाही, दर काही महिन्यांनी सांगत राहा.

मृत्यू, टाकून जाणं, दत्तक

वरून राग सारखा दिसतो, आतला प्रश्न वेगळा असतो.

आईवडील वारले असतील तर खरं सांगा. पाचेक वर्षांच्या आतल्या मुलाला मेलेलं माणूस परत येत नाही हे पुरतं कळत नसतं. "बाबा गावाला गेलेत" म्हटलं तर ते रोज वाट बघतं आणि रोज फसवलं जातं. "आई झोपली आहे" म्हटलं तर झोपायलाच घाबरतं. "देवाला आवडली" म्हटलं तर देवावरही चिडतं. "आईचं शरीर बंद पडलं, ती आता परत येऊ शकत नाही, मी तुझ्याजवळ आहे," एवढं साधं सांगा.

फौजेतली एक गोष्ट सांगतो. जवानाचं पार्थिव तिरंग्यात गावी येतं, सलामी होते, भाषणं होतात. आणि कुणीतरी त्याच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतं, "शूराचा मुलगा तू, रडायचं नाही." हेतू चांगला असतो. पण रडण्याचा रस्ता बंद केला की रागाचाच उरतो. "आता तूच घरातला कर्ता पुरुष" हे ओझंही १० वर्षांच्या खांद्यावर ठेवू नका.

आई किंवा वडील जिवंत असून सोडून गेले असतील, तर दुःखाला शेवट नसतो. ना दिवस, ना फोटोला हार. मूल एकीकडे चिडतं आणि दुसरीकडे दारावर नजर ठेवून असतं. इथे मोठ्यांची चूक होते ती एकच, गेलेल्याला मुलासमोर शिव्या देणं. मूल स्वतःला त्या माणसाचा अर्धा भाग समजतं. 'तुझी आई असलीच' म्हटलं की ते मनात म्हणतं, मीही असलाच. "त्यांना सांभाळणं जमलं नाही, ही मोठ्यांची अडचण होती, तुझा दोष नव्हता," एवढंच बोलावं.

दत्तक मुलाचा राग बहुतेक वेळा वयात येताना उसळतो. "तू माझी खरी आई नाहीसच!" हे वाक्य आईच्या काळजात घुसतं. पण त्याच्या आत एक प्रश्न असतो, 'मला का दिलं?' तेव्हा "एवढे उपकार केले" हा शब्द वर्ज्य. दत्तक घेणं हा उपकार नसतो, नातं असतं. उत्तर असं द्या : "तुला जन्म दिलेली आई वेगळी आहे, खरं आहे. तिच्याबद्दल विचारावंसं वाटणं चूक नाही. मीही तुझी आईच आहे आणि राहणार." दत्तक असल्याचं मुलाला अगदी लहानपणापासून, गोष्ट सांगावी तसं सांगत राहावं. बाराव्या-तेराव्या वर्षी बाहेरच्याकडून कळलं तर राग दुप्पट होतो, कारण त्यात फसवणुकीचा राग मिसळतो. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार १८ वर्षांनंतर दत्तक व्यक्ती स्वतः, आणि त्याआधी दत्तक पालकांसह, आपल्या मुळाची माहिती मिळावी म्हणून अर्ज करू शकते. जन्मदात्यांची गोपनीयता मात्र कायदा जपतो.

मग करायचं काय?

फौजेत आयुष्य काढलेला माणूस शिस्तीबद्दल बोलणार, हे तुम्ही धरून चालला असाल. बोलणारच आहे. पण शिस्त म्हणजे शिक्षा नव्हे. पलटणीत दूर चौकीवर असलेल्या जवानाला धीर कशाने येतो? चहा वेळेवर येतो, टपाल येतं, आणि रोल कॉलला त्याचं नाव घेतलं जातं. म्हणजे आपण इथे आहोत हे कुणाला तरी ठाऊक आहे. मुलालाही हेच हवं असतं. उठणं, जेवण, अभ्यास, झोपणं यांच्या ठरलेल्या वेळा. शाळेतून आल्यावर दारात तेच माणूस. बाहेर जाणार असाल तर "सात वाजता येतो" सांगा आणि सातलाच या. उशीर होणार असेल तर फोन करा. इतर मुलांसाठी ही अर्ध्या तासाची बाब असते, या मुलासाठी नाही.

एर्णावूरच्या त्या पाट्टीने दुसरं काय केलं होतं? मारल्यावर ती त्याचे हात धरायची आणि म्हणायची, "मारायचं नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला कंजीचं भांडं समोर ठेवायची. मानसशास्त्राचं एक पुस्तक न वाचता तिने दोन्ही गोष्टी केल्या. मर्यादा घातली आणि ती राहिली.

रागाच्या क्षणी उपदेश करू नका, त्या वेळी कानात काही शिरत नाही. आवाज खाली आणा, मुलाच्या उंचीवर बसा, फेकण्यासारख्या वस्तू दूर करा. म्हणा, "तू चिडू शकतोस. मारायचं नाही, तोडायचं नाही. मी इथेच आहे." त्याला एकट्याला खोलीत कोंडू नका. सोडून दिलेल्या मुलाला कोंडणं म्हणजे पुन्हा सोडून देणं. पाणी द्या, दीर्घ श्वास घ्यायला लावा. उशीला ठोसे मारून राग काढ, असं सांगू नका. मोठ्यांवर झालेल्या प्रयोगांत त्याने राग वाढलेला दिसला आहे.

शांत झाल्यावर, तासाभराने किंवा रात्री, त्या रागाला नाव द्या. "आज शाळेत सगळ्यांचे बाबा आले होते, म्हणून का?" मोडलेलं ताट त्याच्याकडूनच उचलून घ्या, पण सोबत तुम्हीही वाका.

तारखांवर लक्ष ठेवा. वाढदिवस, मृत्यूचा दिवस, दिवाळी, मातृदिन. किनाऱ्यावरच्या घरांत २६ डिसेंबर जवळ आला की अजूनही आवाज चढतात. त्या दिवसासाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा : फोटो काढणं, आईच्या हातचा पदार्थ करणं, चित्र काढणं. आठवण दाबली नाही तर राग कमी लागतो.

एक माणूस पुरतो

रोमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ बालकांवर २००१ च्या सुमारास एक मोठा अभ्यास सुरू झाला. काही मुलं पालक कुटुंबांत गेली, काही संस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची जवळीक आणि भावना सावरल्या, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांच्या सर्वांत जास्त. भिंती आणि जेवण दोन्हीकडे होतं. फरक होता तो एका ठरलेल्या माणसाचा.

आपल्या मराठी इतिहासातही याचा दाखला आहे, तोही इथून जवळ तंजावरला. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये भोसले घराण्यातल्या नऊ-दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी ते वारले. गादी अमरसिंहांकडे गेली आणि हे पोर जवळजवळ कोंडवाड्यात पडलं. श्वार्ट्झ नावाचे जर्मन पाद्री त्याच्यामागे उभे राहिले, तक्रारी केल्या, १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवलं, शिकवण्याची व्यवस्था केली. सरफोजींनी आपला धर्म सोडला नाही आणि श्वार्ट्झनीही त्यांना सोडलं नाही. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. पुढे त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. आणि लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरात एक शिल्प करवून घेतलं : मरणशय्येवरचे श्वार्ट्झ, आणि शेजारी स्वतः सरफोजी. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही पाहता येतं.

सुनामीनंतर नागपट्टिनमचे जिल्हाधिकारी झालेले जे. राधाकृष्णन यांनी तिथल्या सरकारी बालगृहातल्या मुलांशी बदली झाल्यावरही नातं तोडलं नाही. पुढे ते आणि त्यांच्या पत्नी त्यातल्या मुलींच्या लग्नात पालक म्हणून उभे राहिले. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं पुण्याला आणून शिकवली. पहिल्या आठवड्यातली मदत पुष्कळ लोक करतात. या मुलांना गरज असते पाचव्या वर्षीही टिकून असणाऱ्याची.

बाहेरची मदत कधी घ्यावी?

मूल स्वतःला किंवा जनावरांना इजा करत असेल, मरणाची भाषा बोलत असेल, आठवडेच्या आठवडे झोप आणि जेवण बिघडलं असेल, शाळा सुटली असेल, किंवा महिनोन् महिने कुणाशीच बोलत नसेल, तर थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर १०९८. सांभाळणाऱ्यांनीही थकवा आला तर बोलावं. रोज मार खाणाऱ्या आजीलाही कुणीतरी लागतं.

हा राग किती दिवस चालेल, असं विचाराल तर तारीख देता येत नाही. मुलाला 'हेही जाणार का?' या प्रश्नाचं उत्तर पुरतं पटेपर्यंत तो चालतो. ते बोलून पटत नाही, त्यासाठी रोज तिथे असावं लागतं.

पुढच्या भागात शिक्षकांनी अशा मुलाशी वर्गात कसं वागावं, ते पाहू.

जय हिंद.