झिजून मोजणारी चांदी

देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन चार महिने घासलं नाही, की काळवंडतं. त्याचा दोष हवेतल्या गंधकाच्या संयुगांना. ऑक्सिजनचा त्यात फारसा हात नसतो. आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनचे अणू जोडीनं राहतात, आणि ही जोडी सहसा चांदीच्या वाटेला जात नाही.

४०० किलोमीटर उंचीवर मात्र मामला वेगळा. सूर्याचे अतिनील किरण या जोड्या फोडतात आणि हवा इतकी विरळ, की फुटलेल्या अणूला नवा जोडीदार लवकर भेटत नाही. असा एकटा अणू मिळेल त्याला बिलगायला टपलेला असतो. त्यात उपग्रह सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगानं त्याच्यावर जाऊन आदळतो. उपग्रहावरच्या मधाच्या रंगाच्या कॅप्टॉन प्लास्टिकमधला कार्बन या धडकेत वायू होऊन उडून जातो. नासाचा ‘एलडीईएफ’ हा उपग्रह १९८४ ते १९९० असा जवळपास सहा वर्षं फिरला. त्याच्या पुढच्या बाजूवर दर चौरस सेंटिमीटरला असे अणू आदळले ते ९ वर २१ शून्यं इतके! एवढ्या माऱ्यात पाव मिलिमीटर जाडीचं कॅप्टॉन सहज फस्त होतं.

हे अदृश्य अणू मोजायचे कसे? त्यांना खायला घालून!

चांदीचा अतिशय पातळ थर घ्यायचा आणि त्यातून वीज सोडायची. एकटे अणू चांदीला चिकटले, की तिचं काळं ऑक्साइड होतं. त्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून थराचा विद्युतरोध चढत जातो. रोध किती भराभर चढला, त्यावरून अणूंचा हिशेब लागतो. सगळी चांदी संपली, की संवेदकाचं कामही संपलं.

दुसरी युक्ती तुमच्या मनगटावरच्या घड्याळात आहे: थरथरणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक. त्यावर प्लास्टिकचा पातळ लेप द्यायचा. लेप झिजला, की स्फटिक हलका होतो आणि किंचित जलद थरथरतो. २०१७ साली निघालेल्या जपानच्या ‘त्सुबामे’ उपग्रहावर असे स्फटिक होते. त्सुबामे म्हणजे जमिनीलगत उडणारा भिंगरी पक्षी. नावाला जागून हा उपग्रह पार १६७.४ किलोमीटरपर्यंत खाली उतरला. तिथं अणूंची गर्दी कितीतरी दाट.

तराजू स्वतः झिजला तर दुकानदाराचं दिवाळं निघेल. इथं मात्र जे झिजत नाही, त्याला काही मोजताच येत नाही.