ट्राम जमिनीखाली का गेली?

रस्त्यावर गाड्या अडकल्या की आपण लगेच म्हणतो, "रस्ता रुंद करा!" पण कडेला जागाच नसेल तर?

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात हाच प्रश्न आला होता. तिथल्या ट्रेमाँट रस्त्यावर ट्रामची रांगच्या रांग अडकून पडायची. रस्त्याच्या एका बाजूला इमारती, तर दुसऱ्या बाजूला १६३४ पासूनचं 'बॉस्टन कॉमन' हे सगळ्यांचं मैदान. मैदानाची जागा घ्यायला लोकांचा विरोध. मग ठरलं, ट्रामच जमिनीखाली न्यायची!

हे जमलं कशामुळे? विजेमुळे. लंडनमध्ये १८६३ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, पण तिची इंजिनं वाफेची. भुयारात धूर कोंडायचा. बॉस्टनची ट्राम डोक्यावरच्या तारेतून वीज घ्यायची, म्हणजे धुराचा प्रश्नच नाही.

भुयार कसं केलं? आधी जमीन उकरली, भिंती बांधल्या, वर छत टाकलं आणि त्यावर माती टाकून जागा पूर्ववत केली. खोदताना जुन्या दफनभूमीतील शेकडो माणसांचे अवशेष निघाले. ते त्याच मैदानात पुन्हा पुरण्यात आले.

१ सप्टेंबर १८९७ रोजी पार्क स्ट्रीट स्टेशन सुरू झालं. ट्रामसाठीचा हा अमेरिकेतला पहिला भुयारी मार्ग. आजही तिथे 'ग्रीन लाइन'च्या विजेवरच्या हलक्या गाड्या थांबतात आणि वर मैदानात मुलं खेळतात.

विचार करा : आपल्या गावात रस्ता आणि मैदान यांपैकी एकच ठेवायचं म्हटलं, तर तिसरा मार्ग कोणता निघेल? वहीत पाच वाक्यं लिहा.