आपला विदर्भ : आशा ठेवू, पण डोळे उघडे ठेवून

मारेगावच्या बसस्थानकावर लोक आम्हांला थांबवतात, ते बहुधा दोन गोष्टी विचारण्यासाठी. पहिली, "भाऊ, माह्या दाखल्याचं काय झालं?" दुसरी, "भाऊ, आपला विदर्भ औंदा जिंकते काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही कागद पाहून देतो. कारकुनाचा जन्मच त्यासाठी. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आमची जीभ अडखळते. "हो" म्हणावे तर तीस वर्षांचा अनुभव आडवा येतो. "नाही" म्हणावे तर गेल्या काही वर्षांत पोरांनी जे करून दाखवले, त्याच्याशी बेइमानी होते. म्हणून आम्ही म्हणतो, "आशा आहे." यापुढे एक शब्द नाही.

ही आशा कशाची आणि तिला मर्यादा कोणती, हे वाचक बंधू-भगिनींपुढे मांडावे, एवढ्याचसाठी हा लेख. क्रिकेट हा रिकामटेकड्यांचा खेळ, असे आपल्यातल्या पुष्कळांचे मत आहे. त्यांनीही कृपा करून शेवटपर्यंत वाचावे. कारण गोष्ट खेळाची असली, तरी प्रश्न आपल्या लेकरांचा आहे.

हरण्याची सवय

विदर्भाचा संघ रणजी करंडकात १९५७-५८ च्या हंगामापासून उतरतो आहे. त्यानंतर साठ वर्षे करंडक नाही. आमच्या शाळकरी वयात वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर मुंबई, कर्नाटक, दिल्ली यांच्या मोठमोठ्या बातम्या असत, आणि कोपऱ्यात चार ओळी : विदर्भ पराभूत. ते वाचून वाईटही वाटेनासे झाले होते. कापसाचा भाव पडतो, पाऊस दगा देतो, अनुशेष भरून निघत नाही, तसाच विदर्भही हरतो. जे आपल्या वाट्याला नाही ते नाही, असे मनाने धरून टाकले होते. आणि एकदा मनाने हार मान्य केली, की माणूस मैदानात उतरण्याआधीच बाद होतो.

पहिला तडा गेला तो एका खाण कामगाराच्या मुलामुळे. नागपूरजवळच्या खापरखेडा-वलनी भागातल्या कोळसा खाणीत वडील कामाला, घरची ओढाताण, पोरगा टेनिस बॉलवर खेळलेला. विशी गाठत आली तेव्हा त्याने सीझन बॉल हातात घेतला. पोलीस भरतीतही त्याला यश आले नव्हते. तो उमेश यादव २००८ मध्ये विदर्भाकडून खेळला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये भारताकडून कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. वणी भागातल्या कोळसा खाणींत कष्ट करणाऱ्या आपल्या बांधवांना त्या बातमीचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

इंदूर आणि नंतरची पडझड

मग २०१७-१८ चा हंगाम आला. कर्णधार फैज फजल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, सोबतीला मुंबईहून आलेला अनुभवी वसीम जाफर. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरवले. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या, आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ ९ गडी राखून जिंकला. आपल्या लोकांना १ जानेवारीचे महत्त्व आम्ही सांगायला नको. भीमा-कोरेगावच्या त्या दिवशी गावातले वातावरण काळजीचे होते. तशातही ही बातमी कानी आली तेव्हा क्षणभर हायसे वाटले, हे आम्ही लपवीत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरला सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव. डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने सामन्यात ११ बळी घेतले. जाफरने त्या हंगामात हजाराहून अधिक धावा केल्या. लागोपाठ दोन करंडक आणि दोनदा इराणी करंडक!

आम्ही तेव्हा उतावीळ झालो. चहाच्या टपरीवर म्हणालो, "आता दहा वर्षे आपल्याला कोणी हात लावत नाही." त्या बोलण्याची आज लाज वाटते. पुढच्याच हंगामात बाद फेरीही गाठता आली नाही. जाफर २०२० मध्ये निवृत्त झाला. पंडित मध्य प्रदेशाला गेले आणि २०२२ मध्ये त्यांनी त्या संघाला करंडक मिळवून दिला. फजलने फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅट खाली ठेवली. घर बांधणारे मिस्त्री एकेक करून निघून गेले, म्हणजे घर टिकेल की नाही याची चिंता लागते. तशी आम्हांला लागली.

पुन्हा उभारणी

परंतु घर पडले नाही. मार्च २०२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. वानखेडेवर मुंबईने १६९ धावांनी हरवले खरे. पण ५३८ धावांचे अशक्य लक्ष्य समोर असताना वाडकरने कर्णधाराचे शतक ठोकले, हर्ष दुबेने ६५ धावा केल्या आणि संघ ३६८ पर्यंत गेला. पहिल्या डावात १०५ धावांत कोसळलेला संघ असा लढतो, याचा अर्थ पाया शाबूत आहे. त्या दिवशी हरूनही आम्ही रात्री पोटभर जेवलो.

आणि रविवार, २ मार्च २०२५. वस्तीतल्या दोन पोरांना घेऊन पहाटेच आम्ही मारेगाव सोडले. करंजीहून हिंगणघाटच्या वाटेने नागपूर गाठताना शहराआधी जामठा लागते. एरवी नागपूरच्या कामाला जाताना ते स्टेडियम आम्ही एस.टी.च्या खिडकीतून कितीदा पाहिले असेल. त्या दिवशी प्रथमच आत पाऊल टाकले. केरळविरुद्ध अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस. पहिल्या डावात ३ बाद २४ अशी केविलवाणी अवस्था असताना, पहिलाच हंगाम खेळणाऱ्या दानिश मालेवारने १५३ धावा काढून डाव सावरला होता. त्याने आणि करुण नायरने २१५ धावांची भागी केली होती. ३७९ विरुद्ध ३४२, म्हणजे ३७ धावांची आघाडी. सामना अनिर्णित राहिला तरी करंडक आपला.

त्या दिवशी नायर १३५ धावांवर यष्टिचित झाला. गोलंदाज कोण? आदित्य सरवटे! २०१९ चा आपला नायक आता केरळाकडून खेळत होता. पहिल्या डावात त्याने त्यांच्यासाठी ७९ धावाही केल्या होत्या. सोबतच्या एका पोराने आम्हांला विचारले, "काका, हा आपला होता ना? मग टाळ्या वाजवाच्या का नाही?" आम्ही म्हणालो, "वाजव बाबू. कामाला दुसऱ्या गावी गेलेला माणूस परका होत नाही." सुरत-पुण्याला कामासाठी गेलेली माणसे आपल्याही घरोघरी आहेतच की!

शेवटी वर्ध्याच्या दर्शन नळकांडेचे अर्धशतक झाले, खेळ थांबला आणि विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. प्रशिक्षक होते उस्मान घनी. इंदूरला शतक काढणाऱ्या वाडकरनेच कर्णधार म्हणून करंडक उचलला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातला नवा विक्रम केला. यश राठोडने ९६० धावा केल्या. दुबे, राठोड, मालेवार ही पोरे विदर्भाच्याच लहान वयोगटांच्या संघांतून वर आली. या उभारणीतली बहुतेक विटा-माती इथलीच होती. आमच्या आशेचे खरे कारण हे आहे. करंडक एका हंगामाचा असतो, पण आपली पोरे घडवण्याची रीत बसली की ती पिढ्यान् पिढ्या पुरते.

सावध का राहावे

तरीही आम्ही "हो" म्हणत नाही, "आशा आहे" एवढेच म्हणतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा इराणी करंडक जिंकला. १८ जानेवारी २०२६ रोजी सौराष्ट्राला ३८ धावांनी हरवून प्रथमच विजय हजारे करंडक आणला. अकोल्याच्या अथर्व तायडेने त्या सामन्यात १२८ धावा केल्या. पण त्याच २०२५-२६ च्या हंगामात रणजीत मात्र उपांत्यपूर्व फेरीही गाठता आली नाही. नायर कर्नाटकाला परत गेला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. एका हाताने मिळते, दुसऱ्या हाताने जाते. हा खेळ असाच आहे.

दुसरी सावधगिरी पैशाची. २०२१ पासून रणजीत पहिले २० सामने होईपर्यंत खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये मिळू लागले आणि ४० हून अधिक सामने खेळलेल्याला ६० हजार. साखळीचे सात सामने, प्रत्येकी चार दिवस. हिशेब केला तर नवख्यालाही हंगामाचे ११ लाखांवर जातात. आम्ही बी.कॉम. आहोत, बेरीज आम्हांला चुकत नाही. पण ही बेरीज फक्त अकरा जणांची आहे. बाराव्यापासून पुढे रक्कम निम्मी, आणि संघाबाहेर राहिलेल्या हजारोंच्या हाती शून्य. आई-बापांनी हा आकडा पाहून पोराची शाळा सोडवू नये.

तिसरी सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. विदर्भ म्हणजे केवळ नागपूर नव्हे. अकोला, अमरावती, वर्धा यांची नावे वर आलीच. आपल्या शेजारच्या पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. २०१९ च्या इराणी सामन्यात त्याने शतक काढले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटी सामन्यात त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, आणि दोन बळी. असे जगात पूर्वी कोणी केले नव्हते. मुलींतही नागपूरची मोना मेश्राम भारताकडून २०१७ चा विश्वचषक खेळली, अमरावतीची दिशा कासट २०२३ मध्ये महिलांच्या लीगमध्ये निवडली गेली. म्हणजे दार बंद नाही. पण तालुक्याच्या गावातून त्या दारापर्यंत जाणारा रस्ता अजून कच्चाच आहे.

दार कोणासाठी उघडते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखणारे पाळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आले. तरुण भीमरावांना त्यांचा अभिमान होता. तरीही चर्मकार म्हणून बाळूंना चहा वेगळ्या भांड्यात मिळे आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. आज वेगळे भांडे नाही. पण चांगली बॅट, पॅड, नागपूरचे भाडे आणि तिथे राहण्याचा खर्च हीच भिंत मजुराच्या पोरापुढे उभी राहते.

त्या पोराला काय सांगावे?

जामठ्याला सोबत आलेल्यांपैकी एक पोरगा डावखुरा आहे. माय कापूस वेचायला जाते, बाप हातमजुरी करतो. १४ एप्रिलच्या निमित्ताने वस्तीत टेनिस बॉलचे सामने होतात, त्यात तो चेंडू असा वळवतो की मोठी माणसे चकतात. परतीच्या प्रवासात त्याने विचारले, "काका, मी जाऊ शकतो का जी तिथं?"

आमची जीभ पुन्हा अडखळली. खोटी आशा देणे हे पाप आणि खरी आशा हिरावणे हे त्याहून मोठे पाप. आम्ही त्याला म्हणालो, "बारावी पूर्ण कर. रोज सीझन बॉलने टाक. निवड चाचणीची तारीख आम्ही पाहतो, भाड्याचं वस्ती पाहते. पुढचं तुझ्या हातात."

त्यानंतर आम्ही काही मित्रांनी महिन्याला पन्नास-पन्नास रुपये जमवायला सुरुवात केली आहे. त्यातून सीझन बॉल आले. एका निवृत्त शिक्षकांनी आपली जुनी पॅड दिली. बुद्धविहाराच्या मागची जागा मुलांनी स्वतः साफ केली. फार मोठे काम नाही हे. दर रविवारी सकाळी सात ते नऊ, मुलगे आणि मुली दोघेही. मात्र ज्याचा आठवड्याचा अभ्यास झाला नाही, त्याला त्या दिवशी चेंडू मिळत नाही. हा नियम त्यांच्या आयांनी घातला आहे आणि तो कोणी मोडीत नाही.

त्या पोराची पहिली चाचणी झाली. निवड झाली नाही. परत आला तो एक दिवस गप्प होता. दुसऱ्या दिवशी सहा वाजताच विहाराच्या मागे चेंडूचा आवाज येऊ लागला. विदर्भालाही पहिला करंडक साठ वर्षांनी मिळाला, हे त्याला आम्ही सांगितलेले नव्हते. ते त्यानेच आम्हांला ऐकवले!

तेव्हा यंदा विदर्भ जिंकेल काय? आशा आहे. आणि आपल्या गावचा एखादा मुलगा किंवा मुलगी त्या संघात कधी दिसेल काय? तीही आशा आहे. पहिली आशा जामठ्याच्या मैदानावरच्या अकरा जणांच्या हाती आहे. दुसरी मात्र बरीचशी तुमच्या-आमच्या हाती आहे. आपापल्या वस्तीत पाहा, असा एखादा डावखुरा तिथेही असेल.