पास्कानंतरची घरभेट

ईस्टरच्या, म्हणजे पास्काच्या, दुसऱ्या दिवशी चर्चच्या आवारात आधी शिडी बाहेर येते. रविवारच्या झालरी आणि लायटिंगच्या माळा उतरवायच्या असतात, आणि शिडी लावलीच आहे तर कौलेही पाहून घ्यायची. कोकणात शाकारणी कुठल्याही सणासाठी थांबत नाही. पावसाला दीडएक महिना उरलेला असतो आणि तेवढ्या दिवसांत पॅरिशची (चर्चच्या हद्दीतल्या समाजाची) वर्षाची निम्मी कामे येऊन पडतात: लग्ने, मुलांची पहिली कम्युनियन, घरोघरचे आशीर्वाद, मे महिन्यात खुरसापुढची (क्रूसापुढची) लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत लग्ने शक्यतो लावत नाहीत, म्हणून ती सगळी पुढे ढकललेली असतात. त्यात मुंबईचे चाकरमानी मेमध्येच येणार आणि मृगाआधीच जाणार.

मी धामापूरचा, कुडाळ-मालवण रस्त्यावरच्या तळ्याच्या गावचा. चर्चशी माझा संबंध शेजारधर्माचा आणि मित्रांच्या लग्नांपुरता. २०२५च्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या एका शहरी पॅरिशमध्ये घरभेटीच्या फेऱ्यांना सोबत जायची परवानगी मिळाली. पॅरिशचे नाव लिहीत नाही. लोकांच्या घरात शिरून पाहिलेल्या गोष्टी आहेत.

त्या वर्षी ईस्टर २० एप्रिलला होता. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली आणि ठरलेले वेळापत्रक आठवडाभर पुढे ढकलले गेले. पांढऱ्या फुलांची सजावट तशीच राहिली, मिस्सेतल्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) प्रार्थना मात्र बदलल्या. वेदीजवळ पास्काची उंच मेणबत्ती होती, तिच्यावर क्रूस आणि वर्षाचे आकडे. ईस्टरच्या आदल्या रात्री पेटवलेली ही मेणबत्ती पेंटेकॉस्टपर्यंत तिथेच राहते. पेंटेकॉस्ट म्हणजे ईस्टर धरून पन्नासावा दिवस. या पन्नास दिवसांतच घरभेटी उरकायच्या, असा तिथला रिवाज.

घरभेट सुरू होते संध्याकाळी, ऊन कलल्यावर. फादर, आशीर्वादित पाण्याचे भांडे धरणारा एखादा पोरगा आणि त्या भागाच्या समूहाची प्रमुख बाई. चर्चच्या हद्दीतली घरे समूहांत वाटलेली असतात. एका समूहात वीस-पंचवीस कुटुंबे. कोण कुठे राहतो, कुणाचा कुत्रा चावतो, कुणाच्या घरी भावाभावांत बोलणे नाही, हे सगळे बाईला तोंडपाठ. दारात 'येवा, बसा' होते. पुढच्या खोलीत आल्ताराजवळ (घरच्या वेदीजवळ) मेणबत्ती लावलेली, अबोलीचा एखादा वळेसर घातलेला. प्रार्थना, पाणी शिंपडणे, घरच्यांच्या कपाळावर क्रूसाची खूण, एवढे पाच मिनिटांत होते.

उरलेला वेळ गप्पांचा, आणि या गप्पाच कामाच्या. गुडघ्याचे ऑपरेशन झाले का, धाकट्याचा व्हिसा आला का, नातीला धर्मशिक्षणाच्या वर्गाला (म्हातारी माणसे अजून 'दोतोर्न'च म्हणतात) कधीपासून घालणार. कुवेतमधला मुलगा व्हिडिओ कॉलवर असतो. फादर मोबाईलसमोरही हात उंचावून आशीर्वाद देतात. कोकमाचे सरबत नाकारता येत नाही, आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत पोटात नुसते सरबत डचमळत असते. फादर घरात बसून एक अक्षर लिहीत नाहीत. बाहेर पडून वळणावर आले की बाई हळू आवाजात सांगते: म्हातारीची औषधे पंधरा दिवस आलेली नाहीत, तिने ते घरात बोलून दाखवले नाही. मग स्कूटरच्या सीटवर वही उघडून नोंद होते. पुढच्या आठवड्यात सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी या मदतसंस्थेचे दोन सभासद औषधे घेऊन त्या घरी जातात, कोणी पाठवले ते न सांगता. जोडीने घरी जायची ही पद्धत संस्थेत जुनी आहे; संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केली.

माणसे घरी जाऊन नोंदवायची ही रीत संस्थेहूनही जुनी. बाप्तिस्मा आणि लग्नाची पुस्तके ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली केला. कुटुंबवार नोंदीचा नमुना १६१४च्या रोमन विधिग्रंथात आला. आज बाप्तिस्म्याच्या पुस्तकात त्या माणसाच्या लग्नाची नोंद समासात करतात. म्हणून लग्न ठरले की ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथून ताजा दाखला आणावा लागतो, समास कोरा आहे ना ते पाहायला. एप्रिल-मेमध्ये पॅरिशच्या ऑफिसात सर्वांत जास्त धावपळ याच कागदाची. मुलगा दुबईत, बाप्तिस्मा अंधेरीत, नवरी गोव्याची, आणि सलग तीन रविवार मिस्सेत लग्न जाहीर व्हायला हवे. ऑफिस सांभाळणाऱ्या निवृत्त शिक्षिका हे सगळे फोनवर जुळवतात आणि वर पाकीट घ्यायला विसरलेल्यांना पाकीटही देतात.

या भागातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे मूळ गोव्यात आहे. पोर्तुगीज अमदानीतला इन्क्विझिशनचा (धर्मन्यायालयाचा) जाच आणि करांचा बोजा टाळण्यासाठी पूर्वज सावंतवाडीच्या मुलखात आले. पुढे कितीतरी काळाने, २००५ साली, पुणे धर्मप्रांतातून वेगळा सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. त्याचे मुख्य चर्च सावंतवाडीचे मिलाग्रिस. पण शहरी पॅरिश आता एवढ्याच घराण्यांची राहिलेली नाही. हॉस्पिटलातली केरळची नर्स, बँकेत बदलून आलेला झारखंडचा अधिकारी, हॉटेलात काम करणारी ईशान्येची पोरे, सगळी त्याच वहीत आहेत.

इथे मला माझे गाव आठवते. धामापूरचे तळे १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना घेऊन बांधले, काठावर भगवतीचे देऊळ आहे, आणि २०२० साली तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. गावऱ्हाटीने, म्हणजे गावच्या परंपरागत व्यवस्थेने, अशी कामे शतकानुशतके चालवली, हे खरेच. पण तिच्यात मान वारशाने येतो. बाहेरून आलेला माणूस तीस वर्षे राहिला तरी बघ्याच. पॅरिशमध्ये पाळी असते. केरळची नर्स आली त्याच वर्षी तिच्या समूहाकडे चर्च झाडायची पाळी आली आणि तिच्या हातात झाडू आला. माझ्या मते माणूस गावचा व्हायला मानापेक्षा झाडू जास्त उपयोगी.

उणेही तितकेच ठळक आहे. घरभेटीची वही बायका वाहतात, फुले, झाडलोट, आजाऱ्यांचा डबा बायका पाहतात. हिशेबाच्या समितीत आणि माईकसमोर मात्र बहुतेक पुरुष. विचारले की हसण्यावारी नेतात. फादरही हसले, हे नोंदवून ठेवतो.

मे उजाडला की संध्याकाळी काम रस्त्यावर येते. वाड्यावाड्यांच्या नाक्यांवर खुरीस आहेत. त्यांना चुना लावायचा, पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडायचे, पताका बांधायच्या. ज्याच्याकडे त्या दिवसाचा खर्च त्याने चणे शिजवायचे. लदीन गाणारी जाणती माणसे थोडी उरली आहेत. एक जण व्हायोलिन धरतो, दुसरा सूर, आणि बाकीचे प्रत्येक ओळीला उत्तर देतात. चाकरमान्यांची मुले सुरुवातीला मोबाईलमध्ये डोके घालून उभी असतात, चणे आले की जवळ येतात. शेजारची हिंदू घरे मेणबत्ती लावून जातात. आमच्याकडे त्याचे कुणाला नवल वाटत नाही.

त्या वर्षी पावसाने कुणाचे ऐकले नाही. पेंटेकॉस्ट ८ जूनला, आणि पाऊस २५ मेलाच सिंधुदुर्गात. राहिलेल्या लदिनी ताडपत्रीखाली झाल्या, चुना ओघळला, दोन समूहांच्या घरभेटी छत्री धरून उरकल्या. शाकारणी एप्रिलमध्येच झाली होती म्हणून चर्च गळले नाही. एरवी शिडीवरून उतरायला वेळ लावणाऱ्या मिस्त्रीला त्या आठवड्यात सगळ्यांनी आपणहून चहा पाजला.

फेऱ्या संपल्यावर वही पाहायला मिळाली. सगळ्यांत भरलेला रकाना 'बंद घर' हा होता. कुलूप लावून गेलेल्यांपैकी कोण जिवंत, कोण आजारी, कुणाचे लग्न ठरले, याची माहिती शेजाऱ्यांच्या सांगण्यावर उभी आहे, आणि ते शेजारीही सत्तरीचे. तेव्हा मुंबई-पुण्याच्या आणि आखातातल्या चाकरमान्यांना एवढेच सांगणे: २०२६ साली ईस्टर ५ एप्रिलला आहे आणि पेंटेकॉस्ट २४ मेला. त्या दरम्यान येणार असाल तर समूहाच्या बाईला आधी फोन करा. येणार नसाल तर आपला चालू नंबर तिच्याकडे देऊन ठेवा. आणि त्या मोसमात लग्न असेल तर बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी मे उजाडायची वाट पाहू नका.