कणीस, धुके आणि कट

दृश्य तुकड्यातुकड्यांनी टिपले जाते, पण पडद्यावर ते सलग घडल्यासारखे दिसावे लागते. ही कंटिन्युइटी शिकायला साधा प्रसंग पुरतो. मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणी रस्त्यावरची टपरी घेऊ. दोघे बोलत उभे आहेत, एकाच्या हातात भाजलेले कणीस आहे.

पहिला नियम 180 अंशांचा. दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. मग सबंध प्रसंग एकत्र दाखवणाऱ्या मास्टर शॉटमध्ये डावीकडे उभा असलेला माणूस क्लोजअपमध्येही उजवीकडे पाहतो आणि दोघांच्या नजरा जुळतात. कॅमेऱ्याने ही रेषा ओलांडली की दोघे एकाच दिशेला पाहू लागतात. एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ जोडायचे तर कोन निदान 30 अंशांनी बदलावा, नाहीतर कट उडी मारतो.

कणीस तोंडाशी नेण्याची क्रिया मास्टरमध्ये पूर्ण घ्यायची आणि क्लोजअपमध्ये पुन्हा पहिल्यापासून. हात अर्ध्यावर असताना कट केला की प्रेक्षक हालचालीमागे जातो, सांधा लपतो. अडचण कणसाचीच असते: दर टेकला दाणे कमी होतात. म्हणून कणीस कोणत्या हातात, चावा कोणत्या शब्दावर, किती ओळी खाल्ल्या, हे कंटिन्युइटी शीटवर लिहून फोटो काढतात. जादा कणसे आधीच भाजून ठेवतात.

पावसाळ्यात धुके बघता बघता डोंगर गिळते. म्हणून मागे डोंगर दिसणारे वाइड शॉट आधी, ताडपत्रीखालचे क्लोजअप नंतर. कोरड्या कपड्यांतले शॉटही आधीच उरकावेत. कोरडा सदरा क्षणात भिजवता येतो, भिजलेला लगेच वाळत नाही. पावसाचा आवाज दर टेकला बदलतो, त्यामुळे तो मिनिट-दोन मिनिटे वेगळा ध्वनिमुद्रित करून सबंध दृश्याखाली पसरतात. शेगडीतल्या निखाऱ्यांचा एखादा कटअवेही घेऊन ठेवतात. न जुळणाऱ्या दोन शॉटच्या मध्ये तो घालता येतो.

तरीही एका टेकमध्ये दाणे जुळतात आणि दुसऱ्यात अभिनय जमतो, असे होतेच. अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष मांडताना भावनेला 51 टक्के महत्त्व दिले आणि त्रिमितीय अवकाशाच्या सलगतेला फक्त 4. त्या हिशेबाने अभिनयाचा टेक ठेवावा.