कारायान यांच्या ध्वनिमुद्रिका आणि म्हैसूरच्या महाराजांचा आश्रय

ऑस्ट्रियाचे विख्यात वाद्यवृंद संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २००८ मध्ये ईएमआय या कंपनीने त्यांची १९४६ ते १९८४ या काळातील आपल्याकडील सर्व ध्वनिमुद्रणे दोन खंडांत एकत्र आणली. पहिल्या खंडात वाद्यवृंदासाठीच्या रचना होत्या, तर दुसरा खंड ऑपेरा आणि गायनप्रधान रचनांचा होता. ख्रिस्ती धार्मिक समूहगानातील मोठ्या कृतींचाही त्यात समावेश होता. सत्तरहून अधिक सीडींच्या या दुसऱ्या खंडात १९५० च्या दशकातील ज्या कृती विशेष नावाजल्या गेल्या, त्यांपैकी अनेकींत लंडनच्या फिलहार्मोनिया या वाद्यवृंदाचे वादन आहे. हा वाद्यवृंद बाल्यावस्थेत असताना त्याला मिळालेले मोठे आर्थिक पाठबळ मात्र लंडनमधून आले नव्हते. ते म्हैसूरच्या राजघराण्याकडून आले होते.

हे पाठबळ देणारे होते म्हैसूर संस्थानचे अखेरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार. १८ जुलै १९१९ रोजी जन्मलेल्या महाराजांचे २३ सप्टेंबर १९७४ रोजी बंगळुरूच्या राजवाड्यात निधन झाले. पाश्चात्त्य वाद्यवृंदाशी भारताचे नाते म्हटले की प्रथम मुंबईत जन्मलेले संचालक झुबिन मेहता यांचे नाव आठवते. मेहता १९३६ मध्ये जन्मले. ते बालवयात असताना म्हैसूरचे हे तरुण महाराज युरोपातील संगीत मोठ्या आस्थेने जमवीत होते.

संचात काय आहे?

ऑपेरा हा मराठी संगीत नाटकाचा दूरचा नातलग म्हणता येईल. फरक एवढाच की, संगीत नाटकात गद्य संवादांच्या मध्ये पदे येतात, तर बहुतेक ऑपेरांत संवादही गायले जातात आणि संपूर्ण प्रयोगाला मोठ्या वाद्यवृंदाची साथ असते. धार्मिक समूहगानात गायकवृंद, एकल गायक आणि वाद्यवृंद मिळून उपासनेचे शब्द गातात. गायक आणि वादक मिळून शंभराहून अधिक जणांना एका लयीत आणि एका भावात बांधून ठेवणे हे संचालकाचे काम असते.

कारायान यांच्या दुसऱ्या खंडात ब्राम्स यांच्या 'जर्मन रेक्विएम'चे १९४७ मध्ये व्हिएन्ना येथे केलेले ध्वनिमुद्रण आहे. मृतांचे स्मरण आणि जिवंतांचे सांत्वन करणाऱ्या या कृतीचे ते पहिले संपूर्ण स्टुडिओ ध्वनिमुद्रण मानले जाते. बाख यांच्या 'बी मायनर मास'चे ध्वनिमुद्रण १९५२ च्या सुमाराचे. त्यातील समूहगानाचे भाग व्हिएन्नात आणि एकल गायनाचे भाग लंडनमध्ये मुद्रित झाले. बेथोव्हेन यांचे 'मिसा सोलेम्निस' १९५८ चे. मारिया कॅलास यांनी मिलानच्या ला स्काला या संस्थेबरोबर गायिलेले 'मादाम बटरफ्लाय' (१९५५) आणि 'इल त्रोवातोरे' (१९५६) हे ऑपेराही याच संचातील आहेत.

फिलहार्मोनियाने वाजविलेल्या ऑपेरांची यादीही लक्षणीय आहे. १९५३ मध्ये 'हेन्झेल आणि ग्रेटेल', १९५४ मध्ये 'आरिआड्ने' आणि 'कोझी फान टुट्टे', १९५६ मध्ये 'फाल्स्टाफ' आणि 'रोझेनकाव्हालिअर' ही ध्वनिमुद्रणे झाली. ती आजही आदर्श म्हणून ऐकली जातात.

ध्वनिमुद्रणाचा खर्च

अशा कृतींचे ध्वनिमुद्रण त्या काळी किती अवघड होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. १९४० च्या दशकात ध्वनिमुद्रिका लाखेपासून बनविल्या जात. ही लाख मुख्यत्वे भारतातूनच जगभर जात असे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचे संगीत मावे. 'जर्मन रेक्विएम' सव्वा तासाच्या आसपास चालते, म्हणजे ते वीसच्या आसपास बाजूंवर विभागावे लागे. तीन तासांच्या ऑपेराचा संच तर ग्राहकाला उचलून नेणेही कठीण जाई. त्यामुळेच १९५० मध्ये व्हिएन्नात मुद्रित झालेल्या 'फिगारो' या ऑपेरातून कारायान यांना संवादवजा गायनाचे भाग गाळावे लागले. चुंबकीय फीत आणि लाँग प्ले तबकडी आल्यावर ही अडचण दूर झाली. ईएमआयच्या लाँग प्ले तबकड्या ब्रिटनच्या बाजारात १९५२ मध्ये आल्या.

तंत्र सुधारले, तरी वादकांच्या मानधनाचा प्रश्न सुटला नाही. ऐंशी-शंभर वादक, गायकवृंद आणि नामवंत एकल गायक यांचा खर्च तबकड्यांच्या विक्रीतून भरून निघण्यास वर्षे लागत. अप्रसिद्ध संगीतकाराच्या कृतीच्या बाबतीत तर तो भरून निघेलच याची शाश्वती नसे.

ईएमआयचे निर्माते वॉल्टर लेग यांनी यावर पूर्वी एक उपाय योजला होता. १९३१ मध्ये त्यांनी संगीतकार हूगो वोल्फ यांच्या गीतांसाठी 'सोसायटी' काढली. पुरेशा रसिकांनी आगाऊ वर्गणी भरली की मगच ध्वनिमुद्रण करायचे, अशी ती योजना होती. १९४५ मध्ये लेग यांनी मुख्यत्वे ध्वनिमुद्रणासाठी फिलहार्मोनिया वाद्यवृंद स्थापन केला. एवढा मोठा वाद्यवृंद चालविण्यासाठी मात्र वर्गणीदारांवर विसंबून राहणे शक्य नव्हते.

म्हैसूरचा पाहुणा

जयचामराजेंद्र १९४० मध्ये गादीवर आले. त्यापूर्वी त्यांनी पियानोवादनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. मैफली करणारा पियानोवादक व्हावे, अशी त्यांची आकांक्षा होती. चुलते कृष्णराज वडियार यांच्या निधनानंतर राज्यकारभार अंगावर पडला आणि ती आकांक्षा मागे राहिली. तरीही संगीत सुटले नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकने १९४५ मध्ये त्यांना सन्माननीय फेलो केले. याच काळात त्यांनी कर्नाटक संगीताचा सखोल अभ्यास केला आणि 'श्रीविद्या' या मुद्रेने ९४ कृती रचल्या.

लंडनमध्ये राहणारे रशियन संगीतकार निकोलाय मेट्नर यांच्या रचना महाराजांना विशेष प्रिय होत्या. मेट्नर वृद्ध झाले होते आणि जग त्यांना जवळजवळ विसरले होते. महाराजांच्या अर्थसाहाय्याने 'मेट्नर सोसायटी' स्थापन झाली. लेग यांच्या जुन्या योजनेतील शेकडो वर्गणीदारांची जागा येथे एकट्या आश्रयदात्याने घेतली. १९४७ मध्ये मेट्नर यांनी स्वतः फिलहार्मोनियाबरोबर आपल्या तिन्ही पियानो कॉन्चेर्टोंचे ध्वनिमुद्रण केले. त्यांनी तिसरा कॉन्चेर्टो महाराजांना अर्पण केला आहे. १९५१ मध्ये मेट्नर यांचे निधन झाले.

याच संबंधातून लेग म्हैसूरला आले. तिशीही न गाठलेल्या महाराजांचा ध्वनिमुद्रिकांचा प्रचंड संग्रह, विविध प्रकारचे ध्वनिक्षेपक आणि राजवाड्यातील अनेक पियानो पाहून ते थक्क झाले, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. या संग्रहात वीस हजारांच्या आसपास तबकड्या असल्याचा तत्कालीन अंदाज होता. या भेटीत महाराजांनी फिलहार्मोनिया वाद्यवृंद आणि त्याच्या मैफली आयोजित करणारी संस्था यांना तीन वर्षे दरसाल दहा हजार पौंड देण्याचे मान्य केले. १९४८ मध्ये फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्षपदही महाराजांकडे आले.

त्या वेळी एक रुपया म्हणजे १८ पेन्स असा दर होता. त्या हिशेबाने ही रक्कम वर्षाला सुमारे १ लाख ३३ हजार रुपये होते.

अप्रसिद्ध रचनांसाठी पैसा, ऑपेराला लाभ

महाराजांनी ऑपेरासाठी किंवा बाख यांच्या 'मास'साठी थेट पैसे दिले, असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. बाजारात सहसा न मिळणाऱ्या रचना ऐकायला मिळाव्यात, ही त्यांची इच्छा होती. त्यानुसार कारायान यांनी फिलहार्मोनियाबरोबर नोव्हेंबर १९४९ मध्ये बालाकिरेव यांची पहिली आणि रुसेल यांची चौथी सिंफनी ध्वनिमुद्रित केली.

या व्यवस्थेचा परिणाम मात्र दूरगामी ठरला. कारायान नाझी पक्षाचे सदस्य होते. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या जाहीर कार्यक्रमांवर १९४७ पर्यंत बंदी घातली होती. ध्वनिमुद्रणाला ही बंदी लागू नव्हती. याचा लाभ घेऊन लेग यांनी १९४६ मध्येच व्हिएन्नात त्यांच्याकडून काम सुरू करून घेतले आणि एप्रिल १९४८ मध्ये त्यांना लंडनला फिलहार्मोनियासमोर उभे केले. म्हैसूरच्या निधीमुळे लेग यांना कारायान यांच्याबरोबर पुढील वर्षांचे नियोजन करणे शक्य झाले. तेच वादक त्याच संचालकाच्या हाताखाली वर्षानुवर्षे वाजवीत राहिले. या सहवासातून जी एकजिनसी लय तयार झाली, ती १९५३ ते १९५६ या काळातील ऑपेरांत ऐकू येते.

संचालकाचे नाव मुखपृष्ठावर येते, परंतु त्याच्या हातातील वाद्य म्हणजे वाद्यवृंद. ते वाद्य घडत असताना त्याचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो. फिलहार्मोनियाच्या बाबतीत त्या खर्चाचा एक मोठा वाटा म्हैसूरने उचलला.

रिचर्ड श्ट्राउस यांची 'अखेरची चार गीते'

महाराजांच्या आश्रयाचे आणखी एक उदाहरण संगीताच्या इतिहासात नोंदले गेले आहे. जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस यांचे सप्टेंबर १९४९ मध्ये निधन झाले. त्यांची 'अखेरची चार गीते' २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम सादर झाली. कर्स्टन फ्लागस्टाड यांनी ती गायिली. फिलहार्मोनियाचे संचालन कारायान यांचे ज्येष्ठ प्रतिस्पर्धी विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर यांनी केले. या कार्यक्रमासाठी महाराजांनी ४,८०० डॉलरची हमी घेतली होती. आपल्या संग्रहासाठी या गीतांचे ध्वनिमुद्रण व्हावे आणि ते म्हैसूरला पाठविले जावे, हा त्यामागचा हेतू होता. तबकड्या झिजल्यामुळे त्या संध्याकाळचा आवाज आज खरखरीत ऐकू येतो, परंतु तो ऐकता येतो हे विशेष.

राजाश्रयाचा अस्त

संस्थानिकांनी संगीताला आश्रय देणे मराठी वाचकांना नवे नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँ यांना आणि बडोद्याच्या गायकवाडांनी अनेक कलावंतांना आधार दिला. भारतातील ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळात, १९०२ मध्ये गायिलेल्या गौहर जान यांनीही आयुष्याची अखेरची वर्षे म्हैसूर दरबारच्या आश्रयाने काढली. १९३० मध्ये म्हैसूर येथेच त्यांचे निधन झाले. जयचामराजेंद्र यांनी ही परंपरा सातासमुद्रापार नेली.

मात्र ही परंपरा ज्या व्यवस्थेवर उभी होती, ती त्याच वेळी संपत होती. ऑक्टोबर १९४७ मध्ये जनआंदोलनानंतर म्हैसूरमध्ये लोकनियुक्त सरकार आले आणि के. सी. रेड्डी मुख्यमंत्री झाले. महाराजांना वर्षाला २६ लाख रुपये तनखा ठरला. ते १९५० पासून राजप्रमुख होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे समाविष्ट करून नवे म्हैसूर राज्य अस्तित्वात आले, तेव्हा त्याचे पहिले राज्यपाल म्हणून त्यांनी बंगळुरूच्या राजभवनातून १९६४ पर्यंत काम पाहिले. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने रद्द झाले.

नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, अन्नटंचाईने ग्रासलेल्या देशातील पैसा लंडनच्या वाद्यवृंदावर खर्च व्हावा का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. संस्थानिकाची संपत्ती अखेर रयतेच्या श्रमातून उभी राहिलेली असे. त्यामुळे या आश्रयाकडे केवळ कौतुकाने पाहून चालणार नाही. परंतु त्या रकमेतून निर्माण झालेले संगीत एका दरबारापुरते मर्यादित राहिले नाही, हेही तितकेच खरे आहे. ते आज कोणालाही उपलब्ध आहे.

श्रेय कोणाचे?

१९६४ मध्ये लेग यांनी फिलहार्मोनिया बरखास्त करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वादकांनी स्वतः एकत्र येऊन तो 'न्यू फिलहार्मोनिया' या नावाने चालू ठेवला आणि १९७७ मध्ये मूळ नाव परत मिळविले. एका धनिकाच्या इच्छेवर उभी असलेली संस्था अशा रीतीने वादकांच्या हाती आली. कारायान १९५५ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले आणि १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. ईएमआयचा हा ठेवा २०१३ मध्ये वॉर्नर कंपनीकडे गेला आणि नव्या स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध झाला.

बंगळुरूचा राजवाडा आज पर्यटकांनी गजबजलेला असतो. त्याच्या परिसरातील मैदानावर २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स आणि २०११ मध्ये मेटालिका या बँडच्या मैफली झाल्या. हजारो तिकिटांच्या विक्रीतून अशा मैफलींचा खर्च निघतो. बालाकिरेव किंवा मेट्नर यांच्यासाठी तसे होत नाही. अशा संगीताचा खर्च कोणी उचलावा, सरकारने, उद्योगसमूहांनी की रसिकांच्या वर्गणीने, हा प्रश्न पाश्चात्त्य संगीताइतकाच ख्याल आणि धृपद यांच्याही वाट्याला आलेला आहे. १९४९ मध्ये तो एका महाराजांनी आपल्यापुरता सोडविला होता. त्या उत्तराचा आवाज कारायान यांच्या ध्वनिमुद्रिकांत अजूनही घुमतो आहे.